अलिबाग की कुडाळ-मालवण? कोकणात राहायला जाण्याआधी दोन्हीकडचं आयुष्य कसं ताडून पाहावं

शहर सोडून कोकणात राहायला जायचं म्हणणारी माणसं आता बरीच भेटतात. कुणी निवृत्त होतंय, कुणाचं काम घरून चालतं, कुणाला मुलांना मोकळ्या हवेत वाढवायचंय. त्यांना माझा पहिला प्रश्न असतो, कुठलं कोकण? महाराष्ट्राची किनारपट्टी सातशे किलोमीटरहून लांब आहे. अलिबागचा माणूस सकाळी मुंबईला जाऊन रात्री घरी जेवायला येऊ शकतो. मालवणच्या माणसाला मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि त्याची मोठी बाजारपेठ, मोठं इस्पितळ, विमानतळ हे सगळं गोव्याच्या बाजूला. समुद्र एकच असला तरी रोजचं जगणं वेगळं.

या लेखासाठी दोन पट्टे घेतले आहेत. एक रायगड जिल्ह्यातला अलिबाग-मुरूडचा, दुसरा सिंधुदुर्गातला कुडाळ-मालवण-वेंगुर्ले-सावंतवाडीचा. मधल्या रत्नागिरीत, गुहागर-दापोलीकडे जायचं मनात असेल तरी पद्धत हीच वापरता येईल.

पहिली पायरी: आपला आठवडा कागदावर उतरवा

जागा बघायला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून सध्याचा एक साधा आठवडा लिहून काढायचा. कोण किती वेळा डॉक्टरकडे जातं, कुणाला दर महिन्याला मुंबई-पुण्याला जावंच लागतं, कामासाठी इंटरनेट दिवसाचे किती तास लागतं, आई-वडील जिना चढतात का, गाडी कोण चालवतं. घरात एकालाच गाडी येत असेल तर बाकीच्यांना एसटी आणि रिक्षावर अवलंबून राहावं लागणार, हे आत्ताच लिहून ठेवा. हा कागद पुढच्या प्रत्येक पायरीला लागेल.

दुसरी पायरी: अंतर तासांत मोजा, आणि तेही जुलैतल्या तासांत

मुंबईहून अलिबाग रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून खाडी ओलांडण्याचा वेळ बराच वाचला, पण वडखळच्या पुढे शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी गाड्या कशा मुंगीच्या पावलाने सरकतात ते एकदा स्वतः अनुभवा. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासभर लागतो आणि पुढे अलिबागपर्यंत बोटवाल्यांची बस असते. हा प्रवास सुखाचा, पण गेटवेच्या बोटी पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मार्च २०२० पासून सुरू आहे. तिच्यात गाडीही चढवता येते आणि ती पावसाळ्यातही चालते, मात्र दर्या खवळला की फेऱ्या रद्द होतात. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, जवळचं स्टेशन पेण.

सिंधुदुर्गाचा कणा म्हणजे कोकण रेल्वे. रोह्यापासून पुढचा हा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्या जिल्ह्याचं मुंबईशी नातं बदलून गेलं. कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, सावंतवाडी ही स्टेशनं नकाशावर नीट बघा. मालवण आणि वेंगुर्ले या गावांत रेल्वे येत नाही. कुडाळ ते मालवण पाऊण ते एक तासाचा रस्ता आहे. पहाटे गाडीतून उतरल्यावर पहिली एसटी किती वाजता, आणि ती चुकली तर रिक्षावाला किती घेतो, हे स्टेशनबाहेरच विचारून घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, त्यामुळे तासांचा हिशेब वाढतो. गणपतीतल्या आरक्षणाचं तर विचारूच नका. साठ दिवस आधी खिडकी उघडते आणि बघता बघता गाड्या भरतात. तुम्ही तिथे राहायला गेल्यावर तुमचे पाहुणे त्याच गाड्यांनी येणार आहेत.

विमानाचं म्हणाल तर सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथली सेवा सलग राहिलेली नाही. त्याच्या भरवशावर घर घेऊ नका. सावंतवाडी-बांदा पट्ट्याला खरा उपयोग गोव्यातल्या मोपा विमानतळाचा. तो जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि बांद्याहून अगदी जवळ पडतो. पुणे-कोल्हापूरला जायचं तर करूळ, फोंडा किंवा आंबोली घाट लागतो. पावसात एखादा घाट बंद असणं तिथे नवलाचं नाही, म्हणून दुसऱ्या घाटाने किती वेळ लागतो तेही टिपून ठेवा.

तिसरी पायरी: मे महिन्यात विहिरीत डोकावून बघा

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे कळतो, आणि बहुतेक लोक हीच पायरी वगळतात. ते दिवाळीनंतर जागा बघायला येतात. तेव्हा विहिरी भरलेल्या, व्हाळ (ओढा) वाहता, सगळीकडे हिरवं. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण जमीन उताराची आणि जांभा सच्छिद्र. पाणी मुरतं तसंच झिरपून खाली निघून जातं आणि समुद्राला मिळतं. ऑगस्टमध्ये हाताने पाणी काढता येईल अशी काठोकाठ भरलेली विहीर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तळ दाखवू शकते.

तेव्हा मेच्या उत्तरार्धात जा, संध्याकाळी चारच्या सुमाराला, पंप चालून गेल्यावर. विहिरीच्या कठड्यावरून आत बघा. चिऱ्यांवर हिरवट-काळ्या ओलीची रेघ दिसते, ती पावसाळ्यातली पातळी. तिच्या खाली फिकट, कोरडा होत गेलेला भाग, आणि त्याखाली आजचं पाणी. मधलं अंतर किती पुरुष (माणसाच्या उंचीचं माप) आहे ते नजरेने मोजा. तळाशी चिखल ढवळलेला दिसला तर पंप तळाला लागतोय असं समजा. मग मालकाला नाही, शेजारच्या घरात पाणी भरणाऱ्या बाईंना विचारा: काकी, मे महिन्यात सकाळी किती वेळ पंप चालतो? परत पाणी भरायला किती तास लागतात? टँकर कधी मागवावा लागला होता का? नळाचं पाणी किती दिवसाआड येतं? त्यांची उत्तरं नेमकी असतात, कारण घागर त्यांच्या कमरेवर असते.

आता दोन पट्ट्यांतला फरक. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खारभूमीच्या गावांत, गोड्या पाण्याची अडचण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिथे बोअर मारून प्रश्न सुटत नाही, कारण खालचं पाणीच खारं. अलिबागच्या डोंगराकडच्या गावांची गोष्ट वेगळी. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या वाळूत उथळ विहिरींना गोडं पाणी लागतं, पण आसपास हॉटेलं वाढली आणि उपसा वाढला की तेच पाणी मचूळ होऊ लागतं. सड्यावरची, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठारावरची, जागा मात्र दोन्हीकडे सगळ्यात जपून घ्यायची. सड्यावर वारा छान, दृश्य छान, भाव कमी. भाव कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत मे महिन्यातच तपासून घ्या. डिसेंबरचा अहवाल मे महिन्यातला खारटपणा दाखवत नाही.

चौथी पायरी: जुलैत येऊन वीज, ओल आणि पूर बघा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पुढच्या वर्षी मेच्या मध्याला तौक्ते सिंधुदुर्गाला घासून उत्तरेकडे गेलं. दोन्ही वेळा नारळ-आंब्याची झाडं तारांवर पडली आणि कित्येक वाड्यांमध्ये वीज यायला बरेच दिवस लागले. वाडीत विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: निसर्गात (किंवा तौक्तेत) तुमच्याकडे लाइट किती दिवसांनी आली? उत्तरावरून त्या वाडीचा फिडर, तिथला वायरमन आणि रस्त्याची अवस्था सगळं एकदम कळतं. घरून काम करणाऱ्यांनी हेही विचारावं की वीज गेल्यावर मोबाइलचा टॉवर किती तास चालतो. ऑप्टिकल फायबर घरापर्यंत आली असली तरी ती बहुतेक झाडाझाडांवरून ओढलेली असते.

ओल ही दुसरी गोष्ट. मुंबईत पावसाळा पाहिलेल्या माणसालाही कोकणातल्या उघड्या घरातला जुलै नवा असतो. कपाटातल्या चपला, पुस्तकं, पट्टे यांवर आठवड्यात बुरशी धरते. भाड्याचं घर बघताना भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर हात फिरवा, पागोळ्यांचं पाणी पायाशी साचतं का ते बघा, पश्चिमेच्या पडवीला पावसाची झड अडवायला काय केलंय ते विचारा. जुनं कौलारू घर हवेशीर असतं, पण दरवर्षी कौलं परतावी लागतात आणि ते काम येणारी माणसं आता सगळीकडे मिळत नाहीत. गावात असा माणूस आहे का, याची चौकशी घर घेण्याआधी करा.

पुराचा आणि दरडीचा विचार वेगवेगळा करायचा. रायगडात २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. ही गावं अलिबागच्या किनाऱ्यापासून लांब, आत डोंगरात आहेत, तरी डोंगरउतारावर बंगला बघत असाल तर वरच्या अंगाला खोदकाम झालंय का, व्हाळाची वाट कुणी बुजवली आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिंधुदुर्गात बांद्याच्या बाजारपेठेत तेरेखोलचं पाणी शिरतं, कुडाळात भंगसाळ नदी फुगते. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की खाडीकाठची घरं अडचणीत येतात. जुन्या दुकानदाराला विचारलंत तर तो भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवतो.

पाचवी पायरी: दवाखान्यापर्यंत एकदा स्वतः जाऊन या

अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. गंभीर रुग्ण पुढे पनवेल-नवी मुंबईकडे नेतात. सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढचं मोठं काही निघालं की लोक गोव्यातल्या बांबोळीला जातात, काही कोल्हापूरला, काही बेळगावला. बांबोळी दुसऱ्या राज्यात आहे. आपला आरोग्य विमा तिथे चालतो का, परराज्यातल्या रुग्णाला खर्च काय पडतो, सरकारी योजनेचा लाभ मिळतो का, हे निरोगी असताना विचारून ठेवा.

घरात हृदयविकाराचा, डायलिसिसचा रुग्ण असेल तर सगळी तुलना इथेच थांबवून ही पायरी आधी पूर्ण करा. निवडलेल्या घरापासून त्या सोयीपर्यंत रात्री गाडीने किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असतं का, तेही विचारा. कोकणात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, बॅटरीशिवाय रात्री अंगणात उतरायचं नाही हे मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावं. पावसाळ्यात लेप्टो, आणि सावंतवाडी-दोडामार्गच्या जंगलालगतच्या गावांत २०१६ पासून गोचिडांमुळे होणारा माकडताप, ही दोन नावं लक्षात ठेवा. ताप आला की अंगावर काढू नका.

सहावी पायरी: जमिनीच्या आधी भाड्याचं घर, आणि जमिनीच्या आधी सातबारा

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, हा माझा आग्रह आहे. अकरा महिन्यांचा करार करा आणि तो नोंदवून घ्या. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे, गावात कुणी कितीही म्हणालं की ‘आपल्यात कशाला कागद’.

पुढे जमीन घ्यायची झाली तर दोन पट्ट्यांत धोके वेगवेगळे आहेत. अलिबागकडे मुंबईचा पैसा फार आधीपासून आला. तिथे भाव चढे, दलाल पुष्कळ, आणि शेतजमिनीचे तुकडे पाडून ‘प्लॉट’ म्हणून विकण्याचे प्रकार सर्रास. सिंधुदुर्गात भाव तुलनेने कमी, पण सातबारा उघडला की नावांची रांग लागते.

असा एक सातबारा समोर आहे असं समजा. भोगवटादाराच्या रकान्यात एकाच आडनावाची वीस-पंचवीस नावं, पुढे ‘सामाईक क्षेत्र’. यातली निम्मी माणसं मुंबईत चाकरमानी, काही वारलेली आणि वारसनोंद झालेलीच नाही. तुम्हाला जागा दाखवणारा माणूस त्यातला एक. त्याच्या वहिवाटीत तो तुकडा असेलही, पण वाटप झालेलं नसेल तर तो विकत असलेला तुकडा कागदावर त्याच्या एकट्याचा नाही. मग उजवीकडे ‘इतर अधिकार’ बघा. तिथे कुळाचं नाव आहे का, कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा आहे का, बँकेचा बोजा आहे का. भूधारणा वर्ग एक आहे की दोन, तेही बघा. वर्ग दोनच्या जमिनीला विक्रीआधी परवानगी लागते. वनसंज्ञेचा, म्हणजे जमीन वन म्हणून नोंदलेली असल्याचा, उल्लेख दिसला तर तिथून निघून या.

याशिवाय तीन गोष्टी. एक, १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो. तुमच्या नावावर महाराष्ट्रात कुठेही शेती नसेल तर बिनशेती झालेली जागाच बघा. दोन, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, विरळ वस्तीच्या भागात भरतीरेषेपासून २०० मीटर आणि दाट वस्तीच्या भागात ५० मीटर पट्टा नवीन बांधकामाला बंद असतो. खाडीकाठालाही नियम लागू आहेत. ‘सगळे बांधतात’ हे उत्तर ऐकून पैसे देऊ नका, मंजूर नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधून घ्या. तीन, वाट. पाणंद (शेतातून जाणारी वाट) नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीने गाडी आत येते? कोकणातली निम्मी भांडणं गडगा (हद्दीची दगडी भिंत) आणि वाट यांवरून होतात. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून, तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घेऊन, मगच इसाऱ्याचा विषय.

सातवी पायरी: बाजार, शाळा, काम आणि माणसं

अलिबागला बाजाराचे भाव शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर ठरतात. चांगली सुरमई शुक्रवारी संध्याकाळपासून हाताला लागत नाही, किंवा परवडत नाही. मालवणातही पर्यटन वाढलंय आणि मे आणि डिसेंबर या महिन्यांत तेच होतं, पण कुडाळ-सावंतवाडीचा बाजार अजून गावकऱ्यांसाठीच भरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी दोन्हीकडे बंद. तेव्हा सुकट, बांगड्याचं खारं आणि नदी-खाडीतली मासळी. मासे खायलाच कोकणात चाललो असं म्हणणाऱ्यांनी हे दोन महिने धरून चालावं.

शाळांबाबत एक फरक लक्षात घ्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरी दहावी-बारावीच्या कोकण विभागात येतात आणि हा विभाग निकालात राज्यात सतत आघाडीवर असतो. रायगड मुंबई विभागात आहे. शाळा चांगल्या आहेत, पण बारावीनंतर मुलं बाहेर पडतातच. कामाचं पाहिलं तर अलिबागच्या मागे थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना, उरण-पनवेलचा बंदर-गोदामांचा पसारा आहे. सिंधुदुर्गात आंबा-काजू, पर्यटन आणि गोव्यातली नोकरी. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गातली कितीतरी तरुण मुलं रोज गोव्यात कामाला जातात. बागायतीचं स्वप्न घेऊन जाणाऱ्यांनी माकडांचा उपद्रव गावात विचारावा. नारळ-केळी लावणं सोपं, राखणं कठीण, आणि दोडामार्गच्या बाजूला हत्तीही उतरतात.

गावाशी जुळवून घेण्याची रीतही वेगळी. अलिबागला बाहेरचा माणूस नवा नाही. तिथे कोळी-आगरी-भंडारी वस्तीत कुणी तुमच्याकडे वळून बघणार नाही, पण म्हणून ओळखही आपोआप होत नाही. सिंधुदुर्गात पहिल्या आठवड्यात ‘तुमी खंयचे?’ हा प्रश्न दहा वेळा येईल. तिथे गावऱ्हाटी, म्हणजे गावाची परंपरेने चालत आलेली रीत, जिवंत आहे, मानकरी आहेत, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातल्याशिवाय मोठं काम सुरू होत नाही. घर बांधताना, विहीर खणताना आधी वाडीतल्या जाणत्या काकांना विचारा. वर्गणी वेळेवर द्या, जत्रेला दशावताराला रात्रभर बसा, शिमग्याला पालखी दारात आली की ओटी भरा. एवढ्याने माणसं जोडली जातात, आणि झाड पडून रस्ता बंद होतो त्या रात्री कोयता घेऊन तीच येतात.

आठवी पायरी: दोन्हीकडे दोन मुक्काम

प्रत्येक पट्ट्यात मेमध्ये आठ-दहा दिवस आणि जुलैत आठ-दहा दिवस राहा. किनाऱ्यावरच्या होमस्टेत नको, वाडीतलं घर किंवा तालुक्याच्या गावातली खोली घ्या. घरी करता तेच करा: कामाचे कॉल, स्वयंपाक, औषधं आणणं, बँक, एसटीने तालुक्याला जाणं. ज्येष्ठांनी एसटीचा प्रवास मुद्दाम करून बघावा. ७५ वर्षांपुढे तो मोफत आहे, ६५ पासून अर्ध्या तिकिटात, आणि बायकांनाही अर्धं तिकीट आहे. पण सवलतीचा उपयोग फेऱ्या असतील तरच. पहिल्या पायरीचा कागद रोज रात्री काढून, त्यातलं काय जमलं आणि कशाला किती वेळ लागला ते शेजारी लिहा.

मला विचाराल तर, महिन्यातून दोनदा मुंबई गाठावी लागणाऱ्याने अलिबागचाच विचार करावा, तोही खारेपाट टाळून डोंगराच्या बाजूचा. मुंबईशी रोजचा संबंध संपलेला असेल, घरात कुणाचं मोठं दुखणं नसेल आणि गावात मिसळायची खरी आवड असेल, तर कुडाळ-सावंतवाडी पट्टा जास्त सुखाचा. मालवण-वेंगुर्ल्याच्या पुळणीला लागून राहण्यापेक्षा रेल्वे आणि दवाखाना जवळ असलेल्या गावात राहून समुद्रावर संध्याकाळी जावं. दोन्हीकडे किनाऱ्यालगतच्या घरात लोखंड गंजतं, फ्रीज-एसी लवकर जातात, आणि खिडक्यांची कामं संपत नाहीत.

निर्णय झाला की भाडेकरार जूनपासून सुरू होईल असा करा. मालक ऑक्टोबरचा आग्रह धरतात, कारण तेव्हा घर सुकलेलं असतं. जूनमध्ये कौल कुठे गळतं, भिंत कुठे पाझरते, गटार कुठे तुंबतं ते पहिल्या पंधरवड्यात दिसतं. त्याची दुरुस्ती मालकाने किती दिवसांत करायची, ही अट सहीच्या आधी करारात लिहून घ्या.